आधी चाकं जमिनीला लागू देत

सातारा रस्त्याने ज्यांचे नेहमी जाणे-येणे आहे त्यांना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचे ते वळण वेगळे सांगायला नको. बोगद्यातून बाहेर पडावे, डोळ्यांवर एकदम उजेड यावा, आणि त्या उजेडाला डोळे सरावतात न सरावतात तोच रस्त्याने उतरता उतरता एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळावे. २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. वाईला मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा उरकून आम्ही पुण्याला परतत होतो. गाडी मी चालवीत होतो. शेजारी बाबा, मागे आई आणि माझी पत्नी. पुढचा ट्रक एकाएकी मंदावला म्हणून मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, अगदी व्यवस्थित लागला. पण त्याबरोबर गाडीने आपले तोंड डावीकडे वळवले. मी वळवले नव्हते, तिने वळवले.

दोन सेकंदांचा मामला. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरले, गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला काही झाले नाही. आईचा खांदा दारावर आपटला एवढेच. पण ती दार उघडून खाली उतरली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी या गाडीत परत बसायची नाही." माझी आई सहसा मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही ती मोठ्याने बोलली नाही, म्हणूनच जास्त लागले.

खंडाळ्यापर्यंत कसेबसे आलो. तिथून आई आणि पत्नी एसटीने स्वारगेटला गेल्या. बाबा मात्र माझ्या शेजारीच बसून राहिले. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, गाडीतली रबरी सतरंजी बाजूला सारली आणि अनवाणी तळपाय गाडीच्या तळाला लावले. बाबा तेव्हा ऐंशीला टेकलेले. कानांनी त्यांना फारसे ऐकू येत नाही. यंत्र लावतात, पण त्यात वाऱ्याची घरघरच जास्त येते म्हणून काढून खिशात ठेवतात. पुण्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर फक्त म्हणाले, "डावा बुश गेलाय."

मी म्हणालो, "बाबा, बुश दोन वर्षांपूर्वीच बदललेत. बिल आहे घरी."

ते त्यांना ऐकू गेले की नाही, कोण जाणे.

*

ही गाडी आमच्या घरात कशी आली ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की कोणी तालेवार घरातले लोक दिसतात. तसे काही नाही. गाडी मर्सिडीज आहे हे खरे, पण ती १९९६ सालची ई-२२० आहे आणि मी ती २०११ साली नव्या मारुतीपेक्षाही कमी पैशांत घेतली. मोठी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते आणि तिचा खर्च मात्र मोठ्या गाडीचाच राहतो. म्हणून शहाणी माणसे ती घेत नाहीत. मी घेतली, कारण बाबा.

मर्सिडीज-बेन्झ भारतात आली १९९४ साली, टेल्कोबरोबर भागीदारी करून. १९९५ पासून गाड्यांची जोडणी पुण्यात, टेल्कोच्याच आवारात सुरू झाली. (पुढे २००९ मध्ये त्यांनी चाकणला स्वतःचा कारखाना थाटला, आणि टेल्कोचे नावही २००३ मध्येच टाटा मोटर्स झाले होते.) पहिली गाडी होती ती हीच, जिला जाणकार लोक कारखान्यातल्या सांकेतिक आकड्याने 'एकशे चोवीस' म्हणतात. जर्मनीत ती १९८४ सालीच निघाली होती आणि जगभरात तिचे पंचवीस लाखांहून अधिक नग खपले. आपल्याकडे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि इथले हात ते जोडायचे. त्या हातांत दोन हात बाबांचे होते. बाबा टेल्कोत फिटर. बावन्नाव्या वर्षी त्यांना या नव्या जोडणीवर घेतले आणि ते चाकांखालच्या कामावर लागले.

त्या काळात या गाडीच्या किमतीत पुण्यात एक सोडून दोन फ्लॅट आले असते. बाबा रोज तिच्या पोटाखाली उभे राहत. आत बसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून पंधरा वर्षांनी, आधीच्या मालकाच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि त्याला ती नकोशी झाली, तेव्हा मी घेऊन टाकली. घरी आणली त्या दिवशी बाबा आत बसण्याऐवजी आधी वाकून तिच्या खाली पाहू लागले. शेजाऱ्यांना वाटले, काहीतरी सांडले असावे.

*

आता बुश म्हणजे काय, हे ज्यांचा गाडीशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता आहे त्यांच्यासाठी.

गाडीचे चाक सरळ गाडीला जोडलेले नसते. ते एका लोखंडी हाताच्या टोकाला असते आणि त्या हाताचे दुसरे टोक गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखे धरलेले असते. मेस्त्री लोक त्याला लोअर आर्म म्हणतात. रस्त्यात खड्डा आला की चाक खाली जाते, गतिरोधक आला की वर येते, आणि दर वेळी तो हात आपल्या बिजागरीत थोडा फिरतो. ही बिजागरी घराच्या दाराच्या बिजागरीसारखी लोखंडावर लोखंड अशी केली, तर दोन गोष्टी होतील. रस्त्याचा प्रत्येक खडा आत बसलेल्याच्या दातांपर्यंत पोचेल, आणि रोज तेल घालावे लागेल. म्हणून तिथे रबर घालतात. मध्ये एक पोलादी नळी, तिच्याभोवती जाड रबर. रबर बाहेरून हाताच्या भोकात दाबून बसवलेले, आणि आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली. हाच बुश. आकाराने म्हणाल तर मुठीत मावेल एवढा.

यातली गंमत अशी की या बिजागरीत काहीही घसरत नाही. नळी बोल्टने जखडलेली, हात रबराच्या बाहेरच्या अंगाला जखडलेला. मधल्या मधे रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. ओले धोतर पिळताना आपण दोन टोके धरतो आणि मधले कापड पीळ खाते, तसे. फरक एवढाच की रबर सोडल्यावर आपोआप उलगडते. म्हणून त्याला तेल नको, ग्रीस नको. उलट तेल लागले तर नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. 'आवाज येतोय ना, थोडं ऑइल मारतो' म्हणणाऱ्या मुलाला म्हणूनच तिथे हात लावू देऊ नये.

रबर कायमचे टिकत नाही, हे घराघरांत ठाऊक आहे. कुकरची रिंग वर्षा-दोन वर्षांत कडक होते आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ येऊ लागते. गाडीतल्या रबराचेही तेच. उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओझोन यांनी ते म्हातारे होते. गाडी फिरली नाही, नुसती झाकून ठेवली, तरीही होते. आधी बारीक चिरा पडतात, मग चिरा खोल जातात, आणि शेवटी रबर नळीपासून सुटते. या गाडीत अशी रबरे आहेत तरी किती? पुढच्या प्रत्येक हाताला दोन. मागे तर प्रत्येक चाकाला पाच-पाच दांडे आहेत. मर्सिडीजने १९८२ साली आपल्या लहान गाडीसाठी ही पाच दांड्यांची रचना काढली आणि मग या गाडीलाही दिली. शिवाय मागचा सगळा डोलारा ज्या चौकटीवर आहे ती चौकटच चार मोठ्या रबरांवर टेकलेली. गाडी 'लोण्यासारखी' चालते असे लोक म्हणतात, ते लोणी म्हणजे हे एवढे रबर.

आणि ते गेले की काय होते? मऊपणा जातो, खडखड येते, हे झाले किरकोळ. खरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक दाबला की पुढची चाके मागे ढकलली जातात. बुश धड असेल तर ती केसभर मागे सरतात, दोन्ही सारखीच. एका बाजूचे रबर फाटलेले असेल तर त्या बाजूचे चाक जास्त मागे सरते आणि सरताना आपला कोनही बदलते. म्हणजे स्टिअरिंग आपल्या हातात सरळ आणि चाक मात्र वाकडे. खंबाटकीला माझ्या गाडीने तोंड फिरवले ते यामुळे.

*

आता माझा मूर्खपणा.

२०२१ साली गाडीची नोंदणी पुन्हा करायची होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. त्या निमित्ताने मी एका चकचकीत गॅरेजमध्ये पुढचे चारही बुश नवे घालून घेतले. एका दिवसात काम झाले. गाडी घेऊन घरी आलो तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते. त्यांनी विचारले, "शेवटचा आवळ कुठे दिला? वर का खाली?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "बाबा, मोठं गॅरेज आहे. त्यांना कळतं सगळं."

ते काही बोलले नाहीत. पुन्हा पेपर उघडला.

वर्ष-सव्वा वर्षाने पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजलेली दिसली. टायरवाला म्हणाला, अलायमेंट करा. केली. दोन महिन्यांनी पुन्हा केली. दोन्ही वेळा यंत्राच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे. मग खडखड सुरू झाली तेव्हा त्याच गॅरेजने सांगितले, शॉकअप गेलेत. चाळीस हजारांना थोडे कमी एवढे बिल झाले. खडखड आठवडाभर कमी वाटली आणि पुन्हा होती तिथे आली. आम्ही डिकीतला जॅक काढून पाहिला, स्टेपनी घट्ट केली, आईने मागच्या सीटखालून एक जुनी कंगवी काढून दिली. बुशचा संशय कोणालाच आला नाही, कारण ते 'नवे' होते. फाईलमध्ये बिल होते ना!

अलायमेंटचे आकडे हिरवे कसे, हे कोडे पुढे मेस्त्रीने एका वाक्यात सोडवले. "दादा, ती मोजतात गाडी उभी असताना. तुमचं चाक वाकडं होतं ब्रेक मारल्यावर. तेव्हा मोजायला कोण जातंय?"

*

हा मेस्त्री भोसरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. उमेदवारीत असताना तो बाबांच्या हाताखाली होता, म्हणून बाबांना काका म्हणतो आणि मला दादा. त्याच्याकडे लिफ्ट नाही. खड्डा आहे, जुन्या पद्धतीचा, सिमेंटचा, पायऱ्या उतरून आत जायचे. गाडी खड्ड्यावर आणून उभी केली. तो पहार घेऊन खाली उतरला, हात आणि सांगाडा यांच्या फटीत पहारीचे टोक घातले आणि अलगद दाबले. हात अर्धा इंच सरकला. मलाही वरून दिसले. उजव्या बाजूला तेच केले, तर जेमतेम हलला.

"काका म्हणतात ते बरोबर," तो खालून म्हणाला. "पण रबर जुनं नाही हो हे. नवं फाटलंय."

बाबा खुर्चीवर बसले होते. त्यांना ऐकू गेले नसावे, पण त्याचा चेहरा पाहूनच त्यांनी ओळखले. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक पिळण्याची खूण केली.

आणि मग मला दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचा अर्थ समजला. गाडी लिफ्टवर उचलली की चाके खाली लोंबतात, त्यांच्याबरोबर हातही खाली झुकतात. बुश बसवताना हे चालते. पण शेवटचा बोल्टही त्याच स्थितीत आवळला तर नळी त्या लोंबत्या कोनात जखडली जाते. मग गाडी खाली आली, चाकांवर तिचे चौदा-पंधराशे किलोंचे ओझे आले की हात वर उचलला जातो आणि रबर उभ्या उभ्या पिळले जाते. म्हणजे गाडी दारात स्वस्थ उभी असतानाही ते रबर पिळलेलेच. वर गतिरोधक आला की आणखी पीळ. जे दहा वर्षे चालायचे ते वर्षा-दीड वर्षात फाटते. म्हणून शेवटचा आवळ द्यायचा तो गाडी आपल्या पायांवर उभी असताना, चाके जमिनीला लागलेली असताना. पुस्तकांतून हे छापलेले असते. पण लिफ्टवर, उभ्याने, हवेच्या बंदुकीने 'टर्रर्र' करून आवळणे सोपे. खाली आणून, वाकून, अडचणीत पाना फिरवणे त्रासाचे. बिलात दोन्ही कामे सारखीच दिसतात.

"वर का खाली?" एवढेच बाबांनी विचारले होते. विचारून घ्यायला मला गॅरेजला एक फोन करावा लागला असता.

*

सुटे भाग नाना पेठेत मिळाले. दुकानदाराने दोन पुड्या पुढे ठेवल्या. एक देशी, दुसरी मूळ गाडीला माल पुरवणाऱ्या जर्मन कारखान्याची. किमतीत चौपट अंतर. दिसायला दोन्ही काळी. दुकानदार प्रामाणिक होता, म्हणाला, "साहेब, फरक आजच्याला कळणार नाही, तीन वर्षांनी कळेल." मी महागडी घेतली. कोणी पॉलियुरेथेनचे बुशही सुचवले होते. ते टिकतात, पण कडक असतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. आई-बाबांना वाईला न्यायच्या गाडीला रबरच हवे, असे माझे मत आहे. यात मतभेद असणाऱ्यांनी आपापल्या गाडीत बसावे.

काम फेब्रुवारीतल्या एका शनिवारी निघाले. बाबा सकाळी सातलाच तयार. अंगात स्वेटर, खिशात कानाचे यंत्र.

या कामातला धोक्याचा भाग म्हणजे स्प्रिंग. या गाडीत पुढची मोठी स्प्रिंग त्या हातावरच उभी असते आणि गाडीचे ओझे तिच्यावर असते. हात सोडवायचा तर आधी ती विशिष्ट अवजाराने दाबून धरावी लागते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात, तोंड, काय जाईल सांगता येत नाही. हौशी माणसाने यूट्यूब पाहून घरी करण्याचे हे काम नव्हे. मेस्त्रीने गाडी जॅकवर उचलली, लगेच लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून पाहिली आणि मगच हात घातला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढच्या वेळी पाहीन तेव्हा ओरडेन.

बोल्ट काढण्याआधी त्याने त्यांच्या डोक्यावर छिन्नीने बारीक खुणा केल्या. हे बोल्ट साधे नसतात. त्यांचा मध्य एका बाजूला सरकवलेला असतो, ते फिरवले की चाकाचा कल बदलतो. खूण केली की निदान पूर्वीच्या जागेच्या आसपास परत बसवता येतात. मग हात बाहेर आला. डाव्या बाजूचा मागचा बुश मी हातात घेतला. रबर नळीपासून तीन बाजूंनी सुटले होते, चौथ्या बाजूने लोंबत होते. एवढ्याशा चिंधीवर आम्ही चार माणसे घाट उतरलो होतो.

जुने रबर काढायला कित्येक ठिकाणी गॅसची ज्योत मारतात. रबर जळते, वस्तीभर वास सुटतो. इथे ते झाले नाही. शेडच्या मागच्या बाजूला हायड्रॉलिक प्रेस आहे, त्यावर दाबून काढले. भोके तारेच्या ब्रशने साफ केली. नवे रबर घालताना मेस्त्रीने बादलीत साबणाचे पाणी केले आणि त्यात ते बुडवून घेतले. साबण घसरायला मदत करतो, मग वाळून जातो. तेल तिथेच राहते.

दुपारी जेवणं झाली. दोन वाजता हात जागेवर गेले, स्प्रिंगा बसल्या, बोल्ट घातले. मेस्त्री हात धुवायला गेला. तेवढ्यात त्याच्याकडच्या पोराने उत्साहाने हवेची बंदूक उचलली आणि लोंबत्या हाताच्या बोल्टला लावली.

बाबा खुर्चीतून कधी उठले ते मला कळलेच नाही. "अरे ए!" एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून किती वर्षांत ऐकला नव्हता. पोराच्या हातून बंदूक खाली पडली. मेस्त्री ओल्या हातांनी धावत आला. बाबा त्या पोरापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आधी चाकं जमिनीला लागू देत."

बोल्ट सैल केला. चाके चढवली, घोड्या काढल्या, गाडी खाली आली. दोघांनी बॉनेटवर भार देऊन तिला चार-पाच वेळा खालीवर केली. मग आम्ही ती ढकलत शेडबाहेर नेली आणि परत खड्ड्यावर आणली, म्हणजे चाके आपापल्या जागी बसली. आता शेवटचा आवळ.

त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. पाहिजे तेवढा जोर झाला की तो 'टक्‌' करतो. त्या क्षणी थांबायचे. मेस्त्रीने तो बाबांपुढे धरला. बाबांनी हातात घेतला, तोलून पाहिला, आणि माझ्याकडे दिला. "माझ्याच्यानं आता फिरत नाही," म्हणाले. "तू कर."

मी खड्ड्यात उतरलो. माझ्यामागोमाग, मेस्त्री नको नको म्हणत असताना, बाबाही एकेक पायरी उतरून आले. खड्ड्यात दोघांना जेमतेम जागा. मी पाना बोल्टला लावला. त्यांना तो 'टक्‌' ऐकू येणार नव्हता. त्यांनी आपला तळहात माझ्या मनगटावर ठेवला. मी ओढू लागलो. जोर वाढत गेला, मला वाटले अजून थोडे, आणि टक्‌ झाले. त्याच क्षणी त्यांनी माझे मनगट दाबले. म्हणजे तो ठोका त्यांना माझ्या हाडांतून कळला होता.

"पुढचा," ते म्हणाले.

असे चार बोल्ट. चारही वेळा त्यांचा हात तिथेच होता. तिसऱ्याच्या वेळी मी म्हणालो, "बाबा, तेव्हा तुम्ही विचारलं होतं. मी ऐकलं नाही." खड्ड्यात अंधार होता आणि यंत्र त्यांच्या खिशात होते. ते म्हणाले, "सरळ ओढ. झटका देऊ नकोस."

*

सोमवारी अलायमेंट करून घेतली. त्या बोल्टांना हात लागला म्हणजे ती करावीच लागते. खुणा कितीही नेमक्या असल्या तरी. आकडे पुन्हा हिरवे आले, पण आता मला त्यांचे फारसे कौतुक राहिले नव्हते. मी कात्रजच्या पुढे मोकळा रस्ता बघून ताशी साठच्या वेगाला, मागे कोणी नाही याची खात्री करून, ब्रेक जोरात दाबला. स्टिअरिंगवर हात नुसते टेकवून. गाडी नाकासमोर थांबली. तीनदा केले. जून महिन्यापर्यंत टायर दर पंधरा दिवसांनी पाहत होतो. आतली कड आणि बाहेरची कड सारखी.

राहता राहिली आई. तिने शब्द दिला होता आणि ती शब्दाची पक्की. मार्च गेला, एप्रिल गेला. आम्ही कुठे निघालो की ती रिक्षा बोलावी. मी बुश, रबर, पीळ सगळे तिला समजावून सांगितले; तिने कुकरच्या रिंगेपर्यंत लक्ष दिले आणि मग म्हणाली, "मला यातलं कळत नाही. कठडा दिसला होता एवढं कळतं." यावर कोणाकडे उत्तर होते? माझ्याकडे नव्हते.

मे महिन्यात मामेभावाच्या मुलीचे लग्न आले, वाईलाच. आदल्या रात्री बाबांनी तिला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. सकाळी मी गाडी काढली तेव्हा ती जिन्यावरून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उतरत होती. मागचे दार उघडून बसली. पदर सावरला आणि वरची मूठ घट्ट धरली.

बाबा पुढे. चपला काढलेल्या, तळपाय गाडीच्या तळाला, डोळे मिटलेले. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत सात गतिरोधक आहेत. पुण्यात एवढ्या अंतराला हे कमीच म्हणायचे. प्रत्येकावरून गाडी गेली की ते बोट उचलत. एक, दोन, तीन. सातव्याला त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

आरशात पाहिले. आईने मूठ अजून सोडली नव्हती. पण दुसऱ्या हाताने ती डब्याचे झाकण चाचपत होती.

"तुमची परीक्षा झाली असेल," ती बाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तर पोळीचा लाडू देऊ का? का घाट उतरल्यावर?"

"घाट उतरल्यावर," बाबा म्हणाले.